लसणाच्या कॅप्सूलने रिपोर्टमधला कोणता आकडा हलतो?

या महिन्यात सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. वजन वाढले आहे, रक्ततपासणीत चरबीचे आकडे वर गेले आहेत आणि कोणीतरी लसणाच्या कॅप्सूल घेण्याचा सल्ला दिला आहे. त्यांच्या जोडीला व्यायाम करावा, की नुसत्या कॅप्सूलवर भागेल, अशी विचारणा बहुतेकांनी केली आहे. विषय एक असला तरी पत्रलेखकांचे रिपोर्ट एकमेकांसारखे नाहीत आणि त्यामुळे उत्तरेही एकसारखी देता येत नाहीत. म्हणून निवडक पत्रे स्वतंत्रपणे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी तासगावच्या बेदाणा बाजारात एका अडत दुकानावर हिशेबाचे काम करतो. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. साखर आणि रक्तदाब ठीक आहे. मागील महिन्यात केलेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २३२, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३८ आणि एलडीएल १४६ आले. माझे मेव्हणे म्हणतात की लसणाच्या कॅप्सूल तीन महिने घेतल्या की हे सगळे खाली येते आणि वजनही उतरते. मला चालायला वेळ मिळत नाही. कॅप्सूलने काम होईल का? की दोन्ही एकत्र केल्यास अधिक फायदा होईल? – तासगाव

उत्तर : आपण सगळे आकडे कळवलेत हे फार बरे केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. रिपोर्टवर चार-पाच ओळी असतात आणि आपण त्या सगळ्यांना मिळून ‘कोलेस्टेरॉल वाढले’ असे म्हणतो. परंतु त्या ओळी वेगवेगळ्या कारणांनी वर-खाली होतात आणि एका उपायाने सगळ्या सारख्या हलत नाहीत. आपल्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी, २४० आहे. ते १५० च्या आत हवे. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ३८ आहे. पुरुषांमध्ये ते किमान ४० हवे. कंबरेचा घेर १०२ आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. आपला बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण) २९.८ येतो आणि भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. हे चारही आकडे एकाच बिघाडाकडे बोट दाखवतात. पोटाच्या आत आणि यकृतात साठलेली चरबी रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड सोडते, आणि ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल सहसा घटते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४६ हाही आकडा हवा त्यापेक्षा जास्त आहे, पण आपल्या रिपोर्टमधला सर्वांत बिघडलेला भाग तो नाही. अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हेही सांगून ठेवतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून तो आकडा काढतात. आपल्या बाबतीत २३२ मधून ३८ आणि ४८ वजा केले की बरोबर १४६ उरतात.

असा रिपोर्ट आपल्याकडे अपवादाने येतो असे नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की रक्तातील चरबीचा एखादा तरी आकडा बिघडलेला असण्याचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ८१ टक्के आणि पोटाच्या लठ्ठपणाचे सुमारे ३९.५ टक्के आहे. एचडीएल कमी असणे हा त्यांतला सर्वाधिक आढळणारा दोष आहे.

आता लसणाकडे वळू. लसणाने कोलेस्टेरॉल कमी होते ही समजूत निराधार नाही, परंतु तिचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. १९९४ मध्ये त्या वेळच्या उपलब्ध चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात लसणाने एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १२ टक्क्यांनी उतरते असे दिसले होते आणि कॅप्सूलच्या जाहिरातींना तिथून बळ मिळाले. २००० साली असाच आढावा पुन्हा घेतला गेला तेव्हा ती घट सहा टक्क्यांच्या आत आली, आणि ज्या चाचण्यांमध्ये सहभागींचा आहारही काटेकोरपणे सांभाळला होता तेवढ्याच पाहिल्या तर लसूण आणि बनावट गोळी (तशीच दिसणारी पण औषध नसलेली) यांच्यातला फरक खात्रीने सांगता येण्याइतका उरला नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांवर केलेली चाचणी मला या विषयातली सर्वांत प्रामाणिक चाचणी वाटते. एलडीएल १३० ते १९० असलेल्या या लोकांपैकी एका गटाला खरा कच्चा लसूण सँडविचमध्ये घालून दिला, दोन गटांना दोन वेगळ्या प्रकारच्या लसणाच्या गोळ्या दिल्या आणि चौथ्या गटाला बनावट गोळ्या दिल्या. लसणाचे प्रमाण एका मध्यम पाकळीएवढे, म्हणजे सुमारे चार ग्रॅम होते. आठवड्यातून सहा दिवस असे सहा महिने चालले आणि शेवटी कोणत्याही गटाच्या एलडीएलमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. याच्या उलट बाजूही सांगायला हवी. २०१३ मध्ये ३९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले की ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर आहे त्यांनी लसूण दोन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास एकूण कोलेस्टेरॉल सरासरी १७ आणि एलडीएल सरासरी ९ ने उतरते.

म्हणजे लसणाच्या बाजूने लागलेला हा निकाल पूर्णपणे मान्य केला, तरी आपले एलडीएल १४६ वरून १३७ च्या आसपास येईल. आणि त्याच आढाव्यात ट्रायग्लिसराइडवर लसणाचा खात्रीलायक परिणाम दिसला नव्हता. आपल्या रिपोर्टमधली जी ओळ सर्वांत अधिक बिघडली आहे, तिला कॅप्सूल हात लावत नाही. वजनाबाबत तर तेवढाही भरवसा देता येत नाही. लसणाच्या गोळीने कंबर उतरेल असे मी आपल्याला सांगू शकत नाही आणि तसे सांगून कोणी त्या विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

व्यायामाचे काम नेमके याच जागी आहे. स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे एक एन्झाइम असते. रक्तातून वाहणारी चरबी फोडून स्नायूला इंधन म्हणून देणे हे त्याचे काम. बसून राहणाऱ्या माणसात ते मंदावते आणि चालल्यानंतर काही तासांत वाढू लागते. ही वाढ एक-दोन दिवस टिकते आणि मग पूर्ववत होते. रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून उरलेला आठवडा गादीवर बसण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे ट्रायग्लिसराइडसाठी अधिक उपयोगी ठरते ते याचमुळे. एचडीएल मात्र सावकाश आणि थोडेच वाढते. नियमित व्यायामाच्या चाचण्यांत ती वाढ सरासरी अडीच अंकांच्या आसपास आहे. एलडीएलवर व्यायामाचा परिणाम त्याहून मर्यादित असतो, हेही आधीच ठाऊक असलेले बरे, म्हणजे पुढे निराशा होत नाही.

दोन्ही एकत्र केल्यास अधिक फायदा होतो का, हा आपला प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर शोधणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत, परंतु त्या बहुतेक थोड्या लोकांवर आणि काही आठवड्यांपुरत्या केलेल्या आहेत. असे संशोधन वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा एक गोष्ट जरूर तपासा : केवळ व्यायाम करणारा आणि सोबत बनावट गोळी घेणारा गट त्यात होता का? व्यायाम आणि लसूण हे दोन्ही करणाऱ्यांचे वजन उतरले, एवढ्यावरून लसणाचा वाटा कळत नाही. ते वजन एकट्या व्यायामानेही उतरले असते. सध्याच्या पुराव्यावरून माझे मत असे आहे की या जोडीत बहुतेक सर्व काम व्यायाम आणि आहार करतात. कॅप्सूलवर दरमहा खर्च होणारे पैसे चालण्यासाठी चांगले बूट घेण्यात घालावेत असे मी आपल्याला मनापासून सुचवतो.

वेळ मिळत नाही असे आपण लिहिले आहे. सौद्याच्या दिवशी बाजारात किती घाई असते याची मला कल्पना आहे. तरीही आपल्या दिवसाकडे थोडे जवळून पाहू. अडत दुकानावर बेदाण्याचे नमुने समोरच असतात आणि येता-जाता मूठभर तोंडात टाकले जातात. एका मुठीत साधारण तीस-पस्तीस ग्रॅम बेदाणे बसतात; त्यांत शंभराच्या आसपास कॅलरी असतात आणि त्या बहुतांशी साखरेच्याच असतात. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर, म्हणजे आणखी सुमारे २४० कॅलरी. आपल्या वजनाच्या माणसाने अर्धा तास झपझप चालल्यावर दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. हा हिशेब आपल्यासारख्या हिशेबनिसाला अधिक समजावून सांगायला नको. साखर आणि मैदा जास्त झाला की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड बनवते. त्यामुळे आपल्या बाबतीत तेलातुपाइतकेच किंबहुना त्याहून अधिक लक्ष गोडाकडे द्यायला हवे. मद्य घेत असाल तर ट्रायग्लिसराइड उतरेपर्यंत ते पूर्ण बंद ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम गतीचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. वजन ठळकपणे उतरवायचे असेल तर आठवड्याला २५० मिनिटांच्या पुढे जावे लागते. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. साधारण मिनिटाला शंभर पावले. अर्धा तास सलग मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतील, आणि त्यांतला एक रात्रीच्या जेवणानंतर ठेवावा. पहिले दोन आठवडे वीस मिनिटांवर थांबा, घाई करू नका. बळासाठी सूर्यनमस्कार उत्तम. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा ध्यास घेऊन प्रसार केला आणि आपल्या भागातल्या शाळाशाळांतून ते पोहोचले. आपणही लहानपणी घातले असतील. चालताना छातीत दडपण येणे, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे कळ जाणे, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वजनात पाच ते दहा टक्के घट झाली, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे सव्वाचार ते साडेआठ किलो, की ट्रायग्लिसराइड सुमारे वीस टक्क्यांनी उतरू शकते. तोपर्यंत भाजीत आणि चटणीत लसूण आवडीने खा. त्याला माझी काहीच हरकत नाही.

प्रश्न : वय ५२. मी गृहिणी आहे. पाळी थांबून दोन वर्षे झाली. दिवसभर घरकामात पाय जमिनीला लागत नाहीत, तरी वजन वाढत चालले आहे. गुडघे दुखतात. रिपोर्टमध्ये एलडीएल १६८ आहे. ट्रायग्लिसराइड १३० आणि एचडीएल ५२ आहे. शेजारच्या काकू सांगतात म्हणून मी लसूण मधात भिजवून रोज सकाळी घेते. घरकाम एवढे असताना वेगळा व्यायाम कशाला? – कुपवाड

उत्तर : ताई, आपला रिपोर्ट वरच्या पत्रलेखकांच्या रिपोर्टपेक्षा अगदी निराळा आहे. आपले ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल चांगले आहेत. वाढले आहे ते एलडीएल. पाळी थांबल्यानंतर एलडीएल वाढणे नेहमीचे आहे, परंतु त्यावर समाधान मानून थांबू नये. आधी थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलेले असेल तर एलडीएल वाढते, वजन वाढते आणि अंग जड वाटते. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांमध्ये हे बऱ्याचदा आढळते आणि थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉल पुष्कळदा आपोआप खाली येते. हे कारण तपासायचे राहून गेले आणि लसूण-मधावर वर्ष निघून गेले, असे आपल्या बाबतीत होऊ नये. मधाविषयी म्हणाल तर ती साखरच आहे.

घरकामात श्रम आहेत आणि ते कोणी कमी लेखू नयेत. फरशी पुसणे, पाणी भरणे, जिना चढणे यांची गणना हालचालीत होते. परंतु ओट्याशी उभे राहणे, भाजी निवडणे, कपडे घडी करणे यांत शरीर थकते तरी हृदयाची गती वाढत नाही आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना काम मिळत नाही. गुडघे दुखतात त्याचे एक कारण मांडीचे स्नायू दुबळे होणे हेही असते. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश पुन्हा बसायचे. असे आठ-दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा तेवढेच. सुरुवातीला उंच खुर्ची घ्या, उशी ठेवा. कळ आली तर थांबा. याच्या जोडीला सपाट रस्त्यावर वीस मिनिटे चाला आणि ती वीस मिनिटे केवळ आपली स्वतःची आहेत हे घरातल्यांना स्पष्ट सांगा. माझ्याकडे येणाऱ्या अनेक भगिनींची अडचण इच्छेची नसते. सकाळी सहाला डबा आणि संध्याकाळी सातला स्वयंपाक यांच्यामध्ये त्यांच्या नावावर वेळच लिहिलेला नसतो, आणि त्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनीही घेतली पाहिजे.

व्यायामाने आपले वजन, गुडघे आणि साखरेचा पुढचा धोका सुधारेल. एलडीएल मात्र त्याने थोडेच उतरेल. त्यासाठी आहारात वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळा, दुधावरची साय बाजूला ठेवा, आणि कडधान्ये, जव, ओट्स, भेंडी, पेरू यांसारख्या विरघळणाऱ्या तंतूंच्या पदार्थांचे प्रमाण वाढवा. असे तंतू रोज पाच ते दहा ग्रॅम मिळाले तर एलडीएल सुमारे पाच टक्क्यांनी उतरते. कच्च्या लसणाने मिळणाऱ्या संभाव्य फायद्याच्या जवळपास एवढेच हे आहे आणि त्याने पोटात जळजळ होत नाही. तीन महिन्यांनंतरही आकडा १६० च्या वर राहिला तर डॉक्टर आपला रक्तदाब, साखर आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास पाहून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा निर्णय घेतील. त्या वेळी गोळीला घाबरू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६७) दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. ते अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अॅटोरव्हास्टॅटिन घेत होते. कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी दोन महिन्यांपासून अॅटोरव्हास्टॅटिन बंद करून सकाळी उपाशीपोटी लसणाच्या चार-पाच पाकळ्या आणि दोन कॅप्सूल सुरू केल्या आहेत. पुढील आठवड्यात त्यांची दाढ काढायची आहे. वडिलांना (दादांना) कसे समजवावे? – मिरज

उत्तर : हा अंक हाती पडताच पहिले काम म्हणून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि अॅटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन गटातले औषध पुन्हा सुरू करण्याबाबत विचारा. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मात्र दाढेच्या भीतीने घरच्या घरी बंद करू नका. ते थांबवायचे की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि दंतवैद्य एकमेकांशी बोलून ठरवतील. लसूण रक्तातील प्लेटलेट पेशींचे एकत्र चिकटणे कमी करतो. भाजीतल्या दोन-चार पाकळ्यांनी काही होत नाही, पण कच्चा लसूण भरपूर आणि वर कॅप्सूल, त्यातच रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे, अशा स्थितीत दाढ काढल्यावर रक्त लवकर न थांबण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान सात दिवस लसणाच्या गोळ्या बंद ठेवाव्यात असा भूलतज्ज्ञांचा सल्ला असतो. आपल्याकडे आठवडाच उरला आहे, म्हणून कॅप्सूल आणि उपाशीपोटीचा लसूण आजच थांबवा आणि ते घेत होते हे दंतवैद्यांना आवर्जून सांगा. जुळत नसेल तर दाढ चार दिवस पुढे ढकलता येते. हेच वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या वाचकांनाही लागू आहे.

दादांना समजावताना लसणाची निंदा करू नका. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आपल्या घराघरांत लसणाला औषधाचा मान आहे. त्या श्रद्धेला धक्का दिला तर ते आपले म्हणणे ऐकणार नाहीत. त्यांना एकच तुलना आकड्यांनी दाखवा. २०२२ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी १९० जणांवर केलेल्या चाचणीत रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या औषधाच्या केवळ पाच मिलिग्रॅमच्या गोळीने चार आठवड्यांत एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. त्याच चाचणीत लसणाच्या गोळीने ते उतरले नाही. उलट बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा ते थोडे वाढलेले आढळले. या चाचणीला ते औषध बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि काळ चारच आठवड्यांचा होता, हे मी लपवत नाही. परंतु स्टॅटिनचा उपयोग या एका चाचणीवर अवलंबून नाही. लाखाहून अधिक लोकांच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसले आहे की एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरवले की हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांचे प्रमाण साधारण एकपंचमांशाने कमी होते. ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी) आहे त्यांचे एलडीएल ७० च्या खाली आणि शक्यतो ५५ च्याही खाली ठेवावे लागते. तिथवर लसूण किंवा चालणे पोहोचू शकत नाही. स्टॅटिन हे काम केवळ आकडा खाली आणून करत नाही. रक्तवाहिनीतली चरबीची गाठ फुटू नये म्हणून तिला स्थिरही ठेवते.

गोळीने अंग दुखते म्हणून त्यांनी ती सोडली असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या एका चाचणीत, दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने बनावट गोळी आणि काही महिने काहीच नाही असे देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग बनावट गोळीच्या महिन्यांतही तसाच आढळला. त्रास खराच असतो, मात्र त्याचे कारण नेहमी गोळीच असेल असे नाही. त्यांना डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली असेल तर सकाळी आपणही सोबत जा. वडील मुलाचे म्हणणे घरात ऐकत नाहीत, पण चालता चालता ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी २६ व्या वर्षापर्यंत तालमीत होतो. आता वय ३४, वजन १०४ किलो. लसणाच्या कॅप्सूल घेऊन आणि अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावलो तर चरबी लवकर वितळेल का? – विटा

उत्तर : वितळणार नाही. प्लास्टिक गुंडाळून धावल्यावर काटा एक-दीड किलो कमी दाखवतो तो घामातून गेलेल्या पाण्यामुळे, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते वजन परत येते. उन्हाळ्यात हा प्रकार जिवावर बेतू शकतो, म्हणून तो आजपासून बंद करा. हिंदकेसरी मारुती माने यांच्या या जिल्ह्यात कुस्ती सोडलेल्या अनेक तरुणांची गत आपल्यासारखी होते : तालीम सुटते, खुराक सुटत नाही. रोज हजार-दीड हजार जोर-बैठका मारणाऱ्या शरीराला लागणारे दूध, तूप, बदाम आता हिशेबाने निम्म्याच्याही खाली आणायला हवेत. आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. ज्याने एकदा स्नायू कमावले त्याला ते पुन्हा कमावणे तुलनेने सोपे जाते. पण १०४ किलो वजनावर लगेच धावू नका, गुडघे जातील; आधी दोन महिने चालणे, सायकल आणि हलक्या बैठका ठेवा. रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीचे आकडे) तपासूनच सुरुवात करा, कारण आपण रिपोर्ट पाठवलेला नाही आणि या वजनाला तो पाहिल्याशिवाय राहू नये.

प्रश्न : आमच्या सांगलीच्या भडंगात भरपूर लसूण असतो. तो औषधी म्हणून चालेल का? लसूण कसा खाल्ला म्हणजे त्याचे गुण टिकतात? आणि तपासणी पुन्हा कधी करावी? – सांगली

उत्तर : भडंगातला लसूण सालासकट ठेचून तेलात कुरकुरीत तळलेला असतो. चवीला तो सुंदर लागतो, पण औषध म्हणून त्याचा विचार करू नये. लसणाची पाकळी अखंड असताना त्यात अॅलिन हा पदार्थ आणि अॅलिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली किंवा चिरली की दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत अॅलिसिन तयार होते. तो उग्र वास त्याचाच. उष्णतेने हे एन्झाइम निकामी होते. म्हणून अख्खी पाकळी थेट गरम तेलात टाकली तर अॅलिसिन फारसे बनतच नाही. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग फोडणीत घातला, तर आधीच तयार झालेल्या घटकांपैकी काही भाग टिकतो. ठेचा किंवा कच्च्या लसणाची चटणी यांत तो अधिक टिकतो, मात्र चटणीत मीठ किती पडते याकडे रक्तदाब असणाऱ्यांनी लक्ष द्यावे. कॅप्सूलमध्ये तर पोटातल्या आम्लानेही हे एन्झाइम बिघडते, आणि बाटलीवर लिहिलेले प्रमाण प्रत्यक्ष शरीरात तेवढे उपलब्ध होईलच असे नाही. दिवसाला एक-दोन पाकळ्या जेवणासोबत खाणे बहुतेकांना सोसते. आम्लपित्त असेल त्यांनी उपाशीपोटी कच्चा लसूण घेऊ नये. सांधेदुखीवर ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्याने खरोखरीचे भाजल्यासारखे फोड आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आहार-व्यायाम सुरू केल्यावर लिपिड प्रोफाइल तीन महिन्यांनी पुन्हा करावे. त्याआधी केल्यास आकडे स्थिर झालेले नसतात. औषध नव्याने सुरू केले असेल तर डॉक्टर सहा ते बारा आठवड्यांनी तपासायला सांगतात. ट्रायग्लिसराइड वाढलेले असणाऱ्यांनी दहा-बारा तास उपाशी राहून रक्त द्यावे, आदल्या रात्री लग्नाचे किंवा यात्रेचे जेवण असेल तर दोन दिवस थांबावे, ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे जाऊ द्यावेत, आणि शक्यतो पहिल्याच प्रयोगशाळेत जावे. त्याच सकाळी कंबरही मोजून वहीत लिहावी. उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवा धरायचा, पोट आत ओढायचे नाही, श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर आले तर तीन महिन्यांची वाट पाहू नये; स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.